कोण म्हणतं, असं विचारणाऱ्या नाबरबाई

"तू गोळ्या फेकतेस," नाबरबाई म्हणाल्या. "आणि माझ्या तोंडावर खोटं बोलतेस."

जयवंती तपासणीच्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं भिंत धरायला हात पुढे केला, पण हात भिंतीपर्यंत गेला नाही. ती खाली बसली आणि मग आडवी झाली. पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, अंगात तेवढं वजनच उरलं नव्हतं.

बाकावर बसलेल्या लोकांनी पाय वर घेतले. तिची सासू पार्वतीबाय जागची हलली नाही. "मी पयलेच सांगत होते," ती म्हणाली. "ही गोली घेत नाय. मराचाच हाय तिला."

मी जयवंतीला काखेत हात घालून उचललं. तिचं तोंड आतून पांढरं झालं होतं, लहान बाळाच्या तोंडात दुधाचा थर धरतो तसं. बाईंनी नाडी धरली आणि नाडी बघता बघताच विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतलीस?"

"काल घेतली, बाई. रोज घेते."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," जयवंती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. मला वाटलं, संपली.

हा दवाखाना बोईसरला होता, सरावलीकडे जाणाऱ्या रस्त्याला. एका ट्रस्टचा होता. एचआयव्हीच्या लोकांना तिथं तपासत आणि गोळ्या देत. डॉक्टर हेमलता नाबर तिथल्या मुख्य. मी फरशी पुसायचे, आत जाणाऱ्यांना हाक मारायचे आणि पडलेल्यांना उचलायचे. सगळे मला मावशी म्हणत. मी उमरोळीची, चौथी शिकलेली. नवरा वाडीत राबायचा, मी दवाखान्यात. बाईंबद्दल लिहायला बसले आहे म्हणून त्या मला फार आवडत होत्या असं कोणी समजू नये. त्यांच्यासारख्या बाईबरोबर काम करणं म्हणजे रोज पोलीस चौकीत हजेरी देणं.

त्यांचं एकच पालुपद होतं, "कोण म्हणतं?" पेशंट म्हणाला ताप आहे, की "कोण म्हणतं?" थर्मामीटर म्हणतो असं सांगितलं तर त्या कपाटातून दुसरा थर्मामीटर काढायच्या. वजनाचे काटे दोन ठेवले होते आणि दोन्हींवर त्यांचा विश्वास नव्हता. औषधाची पट्टी हातात आली की आधी तारीख वाचायच्या, मग पट्टी उजेडाकडे धरायच्या, मग वास घ्यायच्या. गोळीला कसला वास येतो ते देव जाणे. एखादी गोष्ट त्या आल्या आल्या विचारायच्या, मध्येच परत विचारायच्या आणि माणूस उठून चप्पल घालताना तिसऱ्यांदा विचारायच्या. "चप्पल घालताना माणूस खरं बोलतो, मावशी. त्याला वाटतं, सुटलो."

एकदा मी म्हटलं, "बाई, बाहेर पाऊस लागलाय."

"कोण म्हणतं?"

"माझं डोकं म्हणतं," मी म्हटलं. केसातून पाणी गळत होतं. त्यांनी तरी खिडकी उघडून बघितलं.

चहा त्या स्वतःच करायच्या आणि स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातून प्यायच्या. कापसाच्या कपाटाला कुलूप असायचं. मी नवीन होते तेव्हा रोज संध्याकाळी बाई त्या कपाटाच्या कडीला एक पांढरा दोरा बांधून जायच्या. सकाळी दोरा तुटलेला दिसला तर कपाट उघडलं होतं असं समजायचं. मला ते कळलं. दोरा सोडला, कपाट पुसलं आणि त्याच दोऱ्याचं छान फूल बांधून ठेवलं, वेणीच्या रिबिनीचं बांधतात तसं. सकाळी बाई बराच वेळ त्या फुलाकडे बघत उभ्या राहिल्या.

"मावशी, हे कोणी केलं?"

"कोण म्हणतं कोणी केलं?" मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. पण त्या दिवसापासून चावी माझ्याकडे आली. माझ्यावर विश्वास बसला असं नाही. चोराला चावी दिली की चोरी कोणी केली ते शोधावं लागत नाही, एवढाच त्यांचा हिशोब असणार.

मात्र हा संशय कधी कधी उपयोगाला यायचा. एकदा तारापूरच्या कारखान्यांतला एक सुपरवायझर आला. इस्त्रीचे कपडे, हातात मिठाईचा डबा. म्हणाला, "मैडम, हमारी कंपनी के कौन कौन यहाँ आते हैं, बस नाम बता दीजिए। उन्हीं के भले के लिए।"

"कौन कहता है कि आते हैं?"

"सुना है, मैडम।"

"जिससे सुना है, उससे नाम पूछ लीजिए।" मग त्यांनी टेबलावरची सुई उचलली. "आप आए ही हैं तो पहले आपकी जाँच कर लेते हैं। बाँह ऊपर कीजिए।"

तो गेला. डबा तिथंच राहिला. बाकावरच्या कोणीही त्या मिठाईला हात लावला नाही आणि बाईंनी तर नाहीच नाही. मी घरी नेली. चांगली होती.

आमच्या बाकावर बसणारे सगळेच एकमेकांकडे चोरासारखे बघायचे. याला कुठून लागलं असेल, तिला कोणाकडून. गावचा कोणी दिसला की पदर तोंडावर जायचा. उमरोळीचे माझे शेजारी मला विचारायचे, "तिथला पाणी पिते का गो तू?" मी म्हणायचे, "पिते, आणि तुमच्याकडे आले की तुमचंही पिते." मग ते मला पाणी द्यायचे बंद झाले.

जयवंती चिंचणीची. नवरा मेला होता, पदरात मनाली नावाची लहान मुलगी. गोळ्या सुरू झाल्यावर बाकीचे लोक दोन-चार महिन्यांत भरतात, कामाला जायला लागतात. जयवंती मात्र वाळत चालली. ताप, जुलाब, तोंड आलेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे अंगाचे राखणदार, दर तपासणीला कमी. बाईंना एकच कारण दिसत होतं, बाई गोळ्या घेत नाही. सासूही तेच म्हणत होती. जयवंतीचा संशय निराळाच होता. ती एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, आई मना जेवणात काय तरी घालते."

मी त्या दोघींकडेही बघायचे आणि बाईंकडेही. खरं कोण बोलत होतं मला सांगता आलं नसतं.

ती दारात पडली त्याच दिवशी बाईंनी तिला सलाईन लावलं आणि रक्त काढलं. रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी एक महागडी तपासणी असते, रक्त मुंबईला पाठवावं लागतं. "आता कळेल," बाई म्हणाल्या. "गोळ्या फेकत असेल तर रक्त विषाणूनं भरलेलं निघेल. मग मी हिला आणि हिच्या सासूला समोर बसवते."

रिपोर्ट आला. बाईंनी तो वाचला, पालथा केला, परत वाचला.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काहीच नाही. विषाणू सापडलाच नाही म्हणतात."

"मग बरंच झालं की."

"बरं काय झालं? कागद म्हणतो गोळ्या लागू पडल्या. आणि बाई तर मरते आहे. दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय, मावशी, आणि मरणाऱ्याला खोटं बोलून काय मिळतं?"

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन रिक्षानं चिंचणीला निघाल्या. कळवलं नव्हतं. कळवून गेलं की माणसं घर आवरून ठेवतात, असं त्यांचं मत. रिक्षातून उतरून घरापर्यंत वाळूतून चालताना त्यांचे पाय मला विचित्र दिसले. गुडघे न वाकवता, ओल्या वाळूत रुतल्यासारखे त्या पाय ओढत होत्या. आधीही मी ते पाहिलं होतं, आणि बाकावरच्यांनीही. "डाक्टरणीलाच लागलाय तो रोग," असं मागं बोलायचे.

घरासमोर बोंबील वाळत होते. पार्वतीबाय कावळे हाकत बसली होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला.

बाई आत शिरल्या आणि झडतीच घेतली. गोळ्यांचा डबा बघितला. फळीवरचे डबे उघडले. मोरीत वाकून बघितलं. चुलीतली राख काठीनं उकरली. जयवंती चटईवर पडून सगळं बघत होती, तिनं एका शब्दानं अडवलं नाही. एकही फेकलेली गोळी सापडली नाही. भातात घालायचं काही सापडलं नाही, तेही बाई शोधत होत्या.

मग त्या मनालीच्या झोळीपाशी थांबल्या. पोरगी झोळीत बसण्याएवढी लहान राहिली नव्हती, पण खेळत होती. झोळीचं कापड केशरी आणि निळं होतं, त्यावर ताटलीएवढे मोठे डोळे छापल्यासारखी नक्षी. असलं कापड आमच्या बाजारात येत नाही.

"हे कुठलं?" बाईंनी विचारलं.

"बाजारातला," पार्वतीबाय म्हणाली.

"कुठल्या?"

"बोईसरच्या."

"कुठल्या दुकानातलं?"

"आता काय दुकानाचा नाव लक्षात रेते?"

"जयवंती, तुझा नवरा काय करायचा?"

हा प्रश्न आधी दवाखान्यात विचारून झाला होता. उत्तर प्रत्येक वेळी सासूनं दिलं होतं आणि आताही तिनंच दिलं. "सांगितला ना, कंपनीत होता. कामगार."

बाई दाराकडे वळल्या, चपला घालायला लागल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कंपनीत होता, मग हे कापड कोणी आणलं?"

"त्यांनी," जयवंती चटईवरून म्हणाली. "बोटीवरना."

"गप," पार्वतीबाय ओरडली.

"आई, आता बास. मी मरते हाय. ते मोठ्या बोटीवर होते, बाई. परदेशी. आफ्रिकेला जात, पच्चिम बाजूला. तिथना लाकडा भरून बोट येत होती."

पार्वतीबायनं डोक्यावर हात मारला आणि मग बाईंवरच तुटून पडली. "लिव आता! लिव सगला! माझा दुसरा पोर, रुपेश, जाणार हाय बोटीवर. त्याचे कागद एजंटाकडे गेले हायत. मोठा बोटीवरना रोग घेऊन आला, असा एजंटाला समजला तर धाकट्याला कोण घेल? एक पोर गेला, दुसऱ्याचा पन पोट मारू? तुमी डाक्टर लोक बोलता, कोनाला सांगनार नाय. कोन म्हनते नाय सांगनार?"

बाईंना त्यांचंच वाक्य माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून परत मिळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मनालीला झोळीतून खाली घेतलं, तिच्या पापण्या ओढून बघितल्या आणि मला म्हणाल्या, "मावशी, चला."

परतीच्या रिक्षात तारापूर मागं पडल्यावर बाई बोलायला लागल्या. त्यांनी सांगितलं तसं लिहिते, मला समजलं तेवढं.

"तुमच्या वाडीचा सातबारा आहे ना, मावशी?"

"आहे."

"एखादा चोर आला, नारळ पाडले, नेले. सर्दीपडसं असतं तसं. येतं, जातं. हे जे विषाणू आहेत ते तसे नाहीत. ते पेशीच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवतात. मग पेशी आपला कागद वाचते आणि त्यावर नाव याचं. ती त्याची चाकरी करायला लागते. चढलेलं नाव आपल्याला पुसता येत नाही. गोळ्या कशासाठी, तर नव्या जमिनीवर नाव चढू नये म्हणून."

"बरं."

"या घराण्यात आपण ज्याला एचआयव्ही म्हणतो ते दोघं भाऊ आहेत. एक नंबर घाईचा. राखणदार पेशींत शिरतो आणि त्या भराभर मारतो. राखणदार गेले की कोणीही घुसतं, टीबी, जुलाब, तोंडातली बुरशी. माणूस त्यानं मरतं. दोन नंबरचंही काम तेच, पण तो आळशी. रक्तात थोडाच फिरतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो, आईकडून पोराला सहसा जात नाही. पण उठला की तोही तसाच मारतो."

"मग औषध एकच असेल."

"तिथंच मी फसले. आपण देतो त्यातली एक गोळी एक नंबरच्या कुलपाची किल्ली आहे. दोन नंबरच्या कुलपात ती शिरतच नाही. मग राहिलेल्या गोळ्या एकट्या पडतात, त्यांनाही तो सरावतो. आणि मुंबईची ती मोजणारी तपासणी फक्त एक नंबरला हाक मारते. दोन नंबर ओ देत नाही. म्हणून त्यांनी लिहून दिलं, घरात कोणी नाही."

"पण पहिल्या तपासणीत एक नंबर निघाला होता ना?"

"तपासणीच्या पट्टीवर एक नंबरचा ठिपका उमटला होता. भावाभावांचे चेहरे सारखे असतात, दोन नंबरच्या रक्तातही तो ठिपका उमटतो कधी कधी." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "हा दोन नंबर मूळचा आफ्रिकेच्या पश्चिमेचा. आपल्याकडे मुंबईत आहे, गोव्यात आहे, पण कमी. बोट नसती तरी मी शोधायला हवा होता. मी सगळ्या जगाला विचारलं. हिला एक नंबर आहे, कोण म्हणतं, हे मात्र विचारलं नाही. कारण मीच म्हणत होते."

रक्त परत गेलं, दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत, दोघा भावांना वेगवेगळं ओळखणाऱ्या तपासणीसाठी. फक्त दोन नंबर निघाला. मनालीचं रक्तही पाठवलं होतं. ते स्वच्छ निघालं. बाईंनी जयवंतीच्या गोळ्या बदलल्या. नवीन गोळ्यांनी आधी उलट्या झाल्या आणि पार्वतीबाय दवाखान्यात येऊन म्हणाली, "आता ईख देता काय, मारायला?" मग उलट्या थांबल्या. जयवंतीनं एक दिवस भात परत मागून घेतला. नंतर ती सासूच्या खांद्याला न धरता रिक्षातून उतरली.

त्या दिवशी बाक भरलेला होता. बाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या, जयवंती जिथं पडली होती त्याच दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या बाईला मी इथं खोटारडी म्हटलं होतं. ती रोज गोळ्या घेत होती. चुकीच्या गोळ्या मी देत होते. खोटी ती नव्हती."

डॉक्टरनं असं बोलायचं असतं का, कोणालाच माहीत नव्हतं. त्यात काही डाव असेल, असंही काहींना वाटलं असेल. मला वाटलं.

जयवंतीनं मान वर केली. "कोण म्हणतं?" ती म्हणाली.

आधी पार्वतीबाय हसली. मग सगळा बाक हसला. बाई लाल झाल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

रुपेशच्या कागदांचं पुढं काय झालं ते सांगते. एजंटाचा माणूस खरंच दवाखान्यात आला होता, त्या घरातलं कोणी इथं येतं का विचारायला. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या की असल्या नावाचं कोणी त्या ओळखत नाहीत. त्या खोटं बोलल्या, मी समोर होते. अगदी सरळ चेहऱ्यानं बोलल्या. तो गेल्यावर मी म्हटलं, "चप्पल घालताना तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं त्यानं." बाई म्हणाल्या, "नशीब, बूट होते."

नंतर त्यांच्या पायांचं वाढत गेलं. काठी आली. लघवीला घाई व्हायची, तपासणी अर्धी टाकून उठावं लागायचं. बाकावरची कुजबूज वाढली. मला कुजबूज आवडत नाही. मी सरळ विचारलं, "बाई, तुम्हाला तो रोग आहे का?"

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

त्यांनी काठी टेबलाला टेकवली. "तो नाही. त्याचा चुलत भाऊ."

"तो दोन नंबर?"

"दोन नंबर सख्खा. हा लांबचा. नाव हाही सातबाऱ्यावरच चढवतो, शिरतोही त्याच राखणदारांत. पण त्यांना मारत नाही, वाढवतो. उगाच माजवून ठेवतो. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, आत आहे हेही कळत नाही. एखाद्याला त्यातून रक्ताचा कॅन्सर होतो. एखाद्याचे माजलेले राखणदार पाठीच्या कण्यातल्या नसांवर उलटतात. मग पाय ताठतात."

"तुम्हाला कुठून आला?"

"आईच्या दुधातून असेल. बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्या बाटलीतून असेल. आपल्याकडे बाटली तपासताना याला कोणी शोधत नाही."

"आणि साहेबांकडून?"

साहेब बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. मी फोटो पाहिला होता, जाड मिशीवाला.

"तोही संशय आहे," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं.

"औषध?"

"या पायांना नाही."

त्यांचा भाऊ गोव्याहून गाडी घेऊन त्यांना न्यायला आला तेव्हा दवाखान्यासमोर थोडी माणसं जमली होती. फार नाही, आमच्या पेशंटांना रस्त्यावर जमायला आवडत नाही. त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवावं लागलं. मीच उचललं. त्यांनी आपला स्टीलचा पेला आपल्याच हातात ठेवला होता. मला म्हणाल्या, "कापसाचं कपाट?"

"कुलूप आहे."

"दोरा?"

"बांधलाय."

जयवंती मनालीला घेऊन चिंचणीहून आली होती. अंगानं भरली होती, मी सहज ओळखलं नसतं. तिनं सुक्या बोंबलांची पिशवी खिडकीतून आत दिली. बाईंनी पिशवी उघडली, वास घेतला, एक बोंबील उजेडाकडे धरला. "मीठ जास्त आहे," म्हणाल्या. मग खिडकीतून हात बाहेर काढून जयवंतीची पापणी खाली ओढली आणि आत बघितलं. मग दुसऱ्या डोळ्याची ओढली.

"गोळी कधी घेतलीस?"

"सकाळी."

गाडी सुरू झाली, तेव्हा बाईंनी काच खाली करून परत विचारलं, "कधी घेतलीस?"

"सकाळी, बाई!"

तिसऱ्यांदा विचारलं असणार, पण ते ऐकू आलं नाही.

पार्वतीबाय नंतर म्हातारपणानं गेली. रुपेश बोटीवर आहे, पैसे पाठवतो. दवाखाना बंद झाला, लोकांना आता सरकारी केंद्रातून गोळ्या मिळतात. नाबरबाई गोव्याला अंथरुणातच न्यूमोनियानं गेल्या. जयवंती चिंचणीला आहे, बोंबील सुकवते आणि मुलीला शाळेत सोडायला चालत जाते.